गाण्याची मास्तरीण

त्या घरावरची पाटी दारापेक्षा लांब होती. संस्थेच्या नावात 'विद्यापीठ' हा शब्द होता आणि तो मावावा म्हणून रंगाऱ्याने पाटी दोन्ही बाजूंनी चौकटीच्या बाहेर नेली होती. आत तीन खोल्या, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीच्या कुंपणापलीकडे समुद्र. गावातले लोक त्या जागेला पेटीशाळा म्हणत. शाळांमधून गायन शिकवणारे शिक्षक तयार करायचे, एवढंच तिथलं काम. अभ्यासक्रम एका वर्षाचा, विद्यार्थी अकरा, आणि त्या अकरांत बाई मी एकटी.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल होऊन गावातल्याच मुलींच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवत होते. वडील मीठ खात्यात कारकून. दिवसभर मिठागरांवर फिरून ते घरी येत तेव्हा धोतराची कड मिठाने कडक झालेली असे. माझ्या लग्नाची बोलणी दोनदा होऊन मोडली होती, कारण दोन्ही वेळा मी मुलापेक्षा उंच निघाले. तिसऱ्यांदा कोणी विचारायच्या आत आमच्या मुख्य बाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "शाळेला गायन शिकवणारी हवी आहे. हिचा गळा चांगला आहे. एक वर्ष रजा देते, हिला शिकून येऊ द्या."

वडिलांनी आईकडे पाहिलं. आई भाकरी थापत होती. तिने ती थापून तव्यावर टाकली.

"गाणारीण व्हायचं नाही," ती म्हणाली. "गाण्याची मास्तरीण व्हायचं असेल तर जा. चार पुरुष पुढे बसलेत आणि माझी मुलगी गातेय, असं माझ्या कानावर येता कामा नये."

तिचं भय खोटं नव्हतं. त्या काळात चांगल्या घरच्या मुलीने गाणं म्हणजे मंगळागौर नाहीतर देवघर. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाचे गुरुजी स्वतः आमच्याकडे आले. पन्नाशीचे, सडपातळ, उकाड्यातही कोटाची सगळी बटणं लावलेले. तरुणपणी ते देशावर मोठ्या गवयाकडे राहून शिकले होते आणि मग कधीतरी गावी परत आले होते. का परत आले, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. ते आईला म्हणाले, "वहिनी, वर्ग चालू असेल तोवर माझी पत्नी तिथे बसेल."

आणि ती खरोखरच बसली. काकू म्हणायचो आम्ही त्यांना. रोज सकाळी वर्ग सुरू झाला की सूप घेऊन त्या दाराशी बसत. कधी वाल निवडत, कधी सुपारी कातरत. पहिला महिनाभर मला वाटायचं, बिचाऱ्यांना माझ्यामुळे किती कंटाळा येत असेल. मग एकदा गुरुजींनी एका विद्यार्थ्याला झपतालाच्या टाळ्या विचारल्या. तो अडखळला. दारातून शांत आवाज आला, "पहिली, तिसरी, आठवी. सहावीला खाली." काकूंनी मान वर केली नव्हती. गुरुजींच्या मिशा हलल्या.

मला त्या जागेचा लळा लागायला फार दिवस लागले नाहीत. पावसाळ्यात तिथे काहीच सुरात राहत नसे. हवेने तबल्याची चामड्याची पुडी उतरायची, पेटीचे दोन सूर मुके व्हायचे. काकू तबला स्वयंपाकघरात नेऊन चुलीपासून हातभर लांब ठेवत आणि मधूनमधून बोटाने वाजवून बघत, भात शिजला का बघावं तसं. कोरडा झाला की हाक मारत, "घ्या, झाला." आम्ही मग वेळेचा विचार न करता तो सुरात आहे तोवर शिकून घेत असू.

अकरा जणांत बहुतेक माझ्यासारखेच प्राथमिक शिक्षक. त्यांतले एक तळे गावाहून आले होते. वय चाळिशीच्या आसपास, घरी बायको आणि तीन मुलं. वीस वर्षं ते एका खोलीत चार इयत्ता शिकवत आले होते. एका इयत्तेला पाढे, दुसरीला वाचन, असं एकाच वेळी ओरडून ओरडून त्यांचा घसा कायमचा बसला होता. बोलले तर मोट ओढताना चाक करकरतं तसा आवाज यायचा. असा माणूस गायनशिक्षक व्हायला का आला, याचं सगळ्यांना नवल वाटे. मी एकदा विचारलंच.

"माझ्या शाळेत गाणं नाही," ते म्हणाले. "मला गाता येणार नाही हे मला ठाऊक आहे. पण पोरांचे गळे शाबूत आहेत ना."

आम्ही त्यांना तळेकर मास्तर म्हणत असू. ते त्यांचं आडनाव नव्हतं. तळ्याचे म्हणून तळेकर. ते मला बाई म्हणत, मुलीच्या वयाची असूनही.

दिवाळीनंतर सराव पाठ सुरू झाले. आम्ही प्रत्येकाने जवळच्या कोळीवाड्यातल्या शाळेत जाऊन गायनाचे पाठ घ्यायचे आणि गुरुजी मागे बसून ते बघणार. मला भीती नव्हती. उलट मनातून मी वाटच बघत होते. वर्गात सगळ्यांत चांगला गळा माझा आहे, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

तिसरीचा वर्ग होता. तीसेक मुलंमुली, काही मांडी घालून, काही उकिडवी. एक नऊ-दहा वर्षांची मुलगी धाकट्या बहिणीला कडेवर घेऊनच आली होती आणि भिंतीला टेकून उभी होती. मी पेटी उघडली आणि भूप रागातली एक सोपी प्रार्थना गायले. सोपी खरी, पण मी ती सोपी ठेवली नाही. दोन जागी मुरकी घेतली, शेवटी एक लहानशी तान घेतली. मुलं टक लावून बघत राहिली. कडेवरचं पोर रडायचं थांबलं. मी म्हटलं, "आता तुम्ही म्हणा." कोणी म्हणेना. मी परत गायले. परत तीच शांतता. अर्धा तास असा गेला.

परत येताना वाळूतून चालत होतो. मी गुरुजींना म्हटलं, "मुलं फार छान ऐकत होती."

"होय," ते म्हणाले. "त्यांनी काय गायलं?"

पेटीशाळेचं फाटक आलं. तिथे थांबून ते म्हणाले, "तुम्ही मैफल केलीत. छान केलीत. पाठ झाला नाही."

मला इतकं लागलं की घरी जाऊन मी जेवले नाही. आईला वाटलं, कोणी काही बोललं असेल. तिला काय सांगणार?

पुढच्या आठवड्यात तळेकर मास्तरांचा पाठ होता. आम्ही सगळे बघायला गेलो, खरं सांगायचं तर त्यांची फजिती बघायलाच. त्यांनी मुलांना वर्गाबाहेर काढलं आणि देवळाच्या पुष्करणीवर नेलं. तिथे पाण्यापर्यंत उतरायला पायऱ्या होत्या. त्यांतल्या आठ त्यांनी खडूने आखल्या. सगळ्यांत खालच्या पायरीवर एक मुलगा उभा केला, पेटीवर षड्ज धरला आणि मुलाला म्हणाले, "हा तुझा सा. धर." मुलाने धरला. मग दुसऱ्या पायरीवर दुसरा, तिसऱ्यावर तिसरा. मास्तर स्वतः एकदाही गायले नाहीत. हाताने पायरी दाखवत, आणि ज्याच्याकडे हात जाई तो आपला सूर म्हणे. थोड्या वेळाने मुलं आपणच पायऱ्या बदलून उभी राहू लागली. एकाचा सूर खाली घसरला तेव्हा शेजारची मुलगी म्हणाली, "तू खालच्या पायरीव उतारलास." सगळी हसली आणि त्याने सूर सावरला.

मी पुष्करणीच्या कठड्यावर बसले होते. मला हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याची लाजही वाटली. परतताना मी मास्तरांजवळ गेले.

"मला शिकवाल का हे?"

"मी काय शिकवणार बाई? तुमचा गळा देवाने दिलेला." मग जरा थांबून, घसा खाकरून म्हणाले, "राग मानू नका. तुम्ही जरा कमी छान गा."

मला हसू आलं. पण ती गोष्ट सोपी नव्हती. पुढचे तीन महिने मी तेच शिकत होते. पट्टी खाली आणायची. मुरकी नाही, तान नाही. एक ओळ म्हणायची आणि थांबायचं. ती शांतता भरून काढायला परत गायचं नाही. मुलांनी चुकीचं म्हटलं तरी आधी म्हणू द्यायचं. काकूंनी मला वाल निवडताना समोर बसवून सराव दिला. "मी तिसरीतली मुलगी आहे असं समज," त्या म्हणत आणि मुद्दाम बेसूर गात. काकूंना इतकं बेसूर गाता येतं हे गुरुजींनाही ठाऊक नसावं. आतल्या खोलीतून ते एकदा धावतच बाहेर आले होते.

कोळीवाड्यातली मुलं आता थोडं थोडं म्हणायला लागली होती, पण पुटपुटल्यासारखं. बहिणीला कडेवर घेऊन उभी राहणारी ती मुलगी तर ओठच हलवत नसे. तिला मी एकदा जवळ बोलावून विचारलं, "तुला गाणं आवडत नाही का?" तिने मान हलवली. आवडतं म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

परीक्षा फाल्गुनात. परीक्षक मुंबईहून आगबोटीने रेवसला उतरून, तिथून मोटारीने आले. मोठे गृहस्थ, पांढरा फेटा, हातात छत्री. परीक्षेचे दोन भाग होते: एक स्वतःचं गायन आणि दुसरा वर्गावरचा पाठ. दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागे. गायन पहिल्या दिवशी झालं. बंद खोलीत परीक्षक, गुरुजी आणि मी, दाराशी काकू. माझं गायन चांगलं झालं. तळेकर मास्तर माझ्यानंतर आत गेले आणि पाच मिनिटांत बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळीवाड्यात माझा पाठ, बाकीच्यांचे इतर शाळांत. टाचण सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, फळ्यावर स्वर कसे मांडायचे ते ठरवलेलं. शाळेत पोचलो तर वर्गात चार मुलं. शाळेचे मास्तर हात चोळत उभे.

"काल संध्याकाळी जवळा लागला," ते म्हणाले. "भरपूर लागला. अख्खा कोळीवाडा किनाऱ्यावर आहे. मी दोनदा बोलवायला पाठवलं."

जवळा म्हणजे बारीक कोळंबीसारखी मासळी. ती आली की लगेच वाळत घालावी लागते. उशीर झाला तर सगळी फुकट. परीक्षकांनी घड्याळ काढलं. त्यांना उद्याच्या बोटीने परत जायचं होतं. ते गुरुजींना म्हणाले, "मग या बाईंचा पाठ पुढच्या वर्षी." गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मग मीच विचारलं.

"मुलं किनाऱ्यावर असतील तर पाठ तिथे घेतला तर चालेल का?"

परीक्षकांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "नियमात तशी मनाई दिसत नाही," ते म्हणाले.

किनाऱ्यावर दूरवर जवळा पसरलेला होता, वाळू दिसत नव्हती. बाया आणि मुलं खराट्याने तो सारखा करत होती, उलटत होती, कावळे हाकलत होती. एक म्हातारी कोळीण सगळ्यांवर देखरेख करत होती. मी तिच्याजवळ जाऊन अर्धा तास मुलं मागितली.

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "परीक्षा तुझी हाय व्हय?"

"हो."

"पोरांना मी न्हाय म्हनत न्हाय. पन त्यांचं हात थांबाचे न्हाय."

म्हणजे मुलांनी काम करत करत शिकायचं. पेटी आणली नव्हती. आणली असती तरी त्या वाऱ्यात ऐकू आली नसती. फळा नव्हता. टाचण पदराच्या गाठीत होतं, ते मी सोडलंच नाही. मी मध्ये उभी राहिले, खालच्या पट्टीत सा लावला आणि पहिला अलंकार म्हटला: सा रे ग म. मग थांबले.

वर्गात पुटपुटणारी ती मुलं इथे रोज वाऱ्यावरून एकमेकांना हाका मारत. आवाज कसा लांब टाकायचा हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. जवळच्या दहाबारा जणांनी ओळ अशी काही उचलली की मी एक पाऊल मागे सरले. पाण्याच्या बाजूची मुलं लांब होती, त्यांना माझा आवाज पोचत नव्हता. पण यांचा पोचला. तिकडून तीच ओळ परत आली. मी पुढची म्हटली: रे ग म प. इकडच्यांनी उचलली, तिकडच्यांनी परत केली. खराटे चालूच होते आणि चौथ्या मात्रेला जवळा उलटत होता. तिसऱ्या ओळीपासून मी सुरुवातीचा सूर देण्यापुरतीच उरले.

तेवढ्यात लांबच्या घोळक्याचा सूर उतरला. मी तिकडे जायला निघाले, पण त्याच्या आधी एक आवाज चढला, धारदार, अगदी नेमका गंधारावर. बघते तर तीच मुलगी. बहीण वाळूत बसली होती आणि ही दोन्ही हातांनी खराटा धरून, मान वर करून गात होती. बाकीच्यांनी तिचा सूर धरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तोंड समुद्राकडे केलं.

परीक्षक बूट हातात घेऊन उभे होते. "ताल कुठे दाखवलात?" त्यांनी विचारलं.

मी खराट्यांकडे बोट केलं. त्यांनी तिकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

पुष्कळ बाया काम करता करता ऐकत होत्या, नाखवे होड्यांवरून ऐकत होते. मी चार पुरुषांपुढे नाही, चाळीस पुरुषांपुढे गायले होते. हे घरी जायच्या वाटेवर माझ्या ध्यानात आलं.

आईला ते माझ्या आधीच कळलं होतं. रोज मासळी घेऊन येणारी कोळीण दारात टोपली उतरवून बसली होती आणि हातवारे करून सांगत होती, "तुमची पोर बाय, काय सांगू तुम्हाला. आमच्या पोरांना गाया लावलंन." मला बघून ती उठून गेली. आई ओट्यावर बसून राहिली. मी मान खाली घालून उभी.

"किती लोक होते?" आईने विचारलं.

"सगळा कोळीवाडा."

"आणि तू काय गायलीस?"

"मी फार नाही गायले. मुलंच गायली."

आईने पदर सारखा केला. "मग मास्तरीणच झालीस म्हणायची," ती म्हणाली आणि आत जाऊन माझं पान वाढलं.

निकाल दहा दिवसांनी आला. मी पास झाले, दुसऱ्या वर्गात. 'फळ्याचा उपयोग नाही, टाचणाप्रमाणे पाठ नाही' असा शेरा होता आणि त्याचे गुण कापले होते. त्याखाली वेगळ्या शाईने एकच वाक्य होतं, 'सर्व मुले गात होती.' तळेकर मास्तरांना पाठात सगळ्यांपेक्षा जास्त गुण होते आणि गायनात ते नापास होते. म्हणजे एकूण नापास.

गुरुजींनी परीक्षकांना दोन पत्रं लिहिली. उत्तर सौजन्याचं होतं, पण नियम तो नियम. मास्तर निघाले तेव्हा आम्ही मोटारीच्या थांब्यावर पोचवायला गेलो. काकूंनी त्यांच्या मुलांसाठी नारळाच्या वड्या दिल्या.

"तुम्हाला असं घरी जावं लागतंय हे बरोबर नाही," मी म्हटलं.

"घरी जायला काय वाईट आहे बाई? शाळा उद्यापासून आहे," ते म्हणाले. मग मोटारीत चढता चढता वळून, "पायऱ्या आमच्याकडे नाहीत. बघू, पोरांकडून माती टाकून घेतो."

पुढच्या वर्षी ते फक्त परीक्षेला आले आणि गायनात पुन्हा नापास झाले. त्याच्या पुढच्या वर्षी परत आले. तोवर मी शाळेत रुजू झाले होते. पाठाला मुलं कमी पडली म्हणून गुरुजींनी माझ्या वर्गातल्या मुली मागितल्या आणि मी त्यांना घेऊन गेले. त्या खेपेला परीक्षक दुसरे होते. काकूंनी मास्तरांना आदल्या दिवशी सांगितलं होतं, "राग मोठा घेऊ नका. अगदी खाली, बोलल्यासारखं गा, आणि सूर सोडू नका. सुंदर गायचा नादच नको." बंद दाराबाहेर मी आणि काकू उभ्या होतो. आतून तो करकरणारा आवाज ऐकू येत होता, मंद्रातला, हळू, पण सुराला धरून. एकदाही घसरला नाही. काकू माझा हात घट्ट धरून मात्रा मोजत होत्या.

ते काठावर पास झाले. गुरुजींनी प्रमाणपत्र त्यांच्या हाती दिलं तेव्हा गुरुजींच्या कोटाचं वरचं बटण उघडं होतं. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

महिन्याभराने तळ्याहून पोस्टकार्ड आलं. प्रमाणपत्राचा त्यात उल्लेखही नव्हता. चौथीची मुलं तीव्र मध्यमाला घाबरतात, ते कसं शिकवता, एवढंच विचारलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, 'आपल्या सवडीने कळवावे.' त्या दिवशी माझ्या वर्गात मुली नवा अलंकार म्हणून दाखवायला थांबल्या होत्या. त्यांना मी जरा वेळ बाहेर खेळायला पाठवलं, आणि खिडकीशी बसून मास्तरांना चार पानी उत्तर लिहिलं.